बीज, क्षेत्र आणि यंत्राचे गुण

१

मुक्ताईनगर तालुक्यात आणि शेजारच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या भावाची चर्चा निघाली की चार शब्द हमखास कानावर पडतात : नवती, पिलबाग, कांदेबाग आणि वापसी. नव्या लागणीची ती नवती. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी आलेल्या पिलावर धरलेली ती पिलबाग. पावसाळा सरताना लावलेली ती कांदेबाग. आणि व्यापाऱ्याच्या माणसाने घड नजरेने पारखून बाजूला टाकलेली ती वापसी. माझी आई केळीच्या बागांतून मजुरीला जात असे. संध्याकाळी तिच्या ओच्यातून जी केळी घरी येत ती वापसीची असत. त्यांवर आमची तीन भावंडे वाढली. ती केळी चवीला कधीच उणी नव्हती. फणी आखूड, सालीवर डाग, एवढाच त्यांचा दोष. पारखणाऱ्याची नजर सालीवर होती, गरावर नव्हती, हे मला फार उशिरा, कॉलेजात शिकवू लागल्यावर उमगले.

हे सारे आठवायला गेल्या वर्षीचा एक प्रसंग कारण झाला. माझी आत्येबहीण आणि तिचा नवरा लग्नानंतर आठ वर्षे मुलाची वाट पाहत होते. अखेर बचत गटाचे कर्ज, तिची पोत आणि नवऱ्याच्या पगारावरची उचल असे सगळे एकत्र करून दोघे एका मोठ्या शहरातल्या खासगी टेस्ट ट्यूब बेबी केंद्रात गेले. काचेत फलन झाले. चार गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढले. केंद्राने एक छापील कागद दिला. त्यावर चार गोल चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले गुण : ८.९, ७.४, ५.१ आणि ३.६. पहिल्या क्रमांकाचा गर्भ तिच्या गर्भाशयात सोडण्यात आला. तो रुजला नाही.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी तथागत. पौर्णिमेला नेमाने बुद्धवंदना होणारे घर. तिची सासू तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, “मास्तर, तुम्ही शिकेल हात, तुम्हीच सांगा. मशीननं जवळपास नऊ गुण देल्हे. म्हणजे बी चांगलं होतं. मंग जमीनच खराब.”

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जाताना मला पोहोचवायला अंगणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “दादा, मशीन चुकलं का मी चुकले?”

मी इतिहास शिकवतो. वैद्यकाचा माझा अधिकार नाही. पण सासूबाईंचे ते वाक्य वैद्यकाचे नव्हतेच. ते इतिहासातून आलेले वाक्य होते. म्हणून बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधले. ते येथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

२

बी आणि जमीन ही उपमा शेतकऱ्याची वाटते, पण तिला शास्त्राचा शिक्का मनुस्मृतीने दिला. नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे आणि दोहोंत बीज श्रेष्ठ ठरवले आहे. शेतात जे पेरावे तेच उगवते, शेताचा स्वतःचा असा गुण पिकात उतरत नाही, असा तो युक्तिवाद. या सिद्धांताने एका दगडात दोन पक्षी मारले. घरात स्त्रीचा स्वतःच्या अपत्यावरचा हक्क गेला, कारण पीक बीजवाल्याचे. आणि समाजात जात पक्की झाली, कारण कोणत्या बीजाने कोणत्या क्षेत्रात शिरावे याची कुंपणे घालणे हेच दहाव्या अध्यायातल्या वर्णसंकराच्या याद्यांचे काम आहे. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती ती चांडाळ, म्हणजे माणसांतली सर्वांत नीच, असे तेथे नमूद आहे. जन्माआधीच गुण देऊन ठेवणारा हा तक्ता होता. त्यात नापास झालेल्याला फेरपरीक्षा नव्हती.

गंमत अशी, की पीक आले तर बीजाचे आणि पीक आले नाही तर दोष क्षेत्राचा. या हिशेबात पुरुष कोणत्याच बाजूने तोट्यात जात नाही. वांझ हा शब्द बाईसाठी आहे. पुरुषासाठी असा शब्द गावातल्या भांडणात कधी ऐकू येतो का? टाकलेल्या बायका, सवती, बुवाबाजी, अंगारे-धुपारे या सगळ्याचे मूळ या एकतर्फी हिशेबात आहे.

विज्ञानाने हा हिशेब केव्हा मोडला? १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यातील स्त्रीबीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जगाला सांगितले. मादीचेही स्वतःचे बीज असते हे तेव्हा डोळ्यांनी दिसले. १८७६ साली ऑस्कर हर्टविग याने समुद्री साळिंदराच्या अंड्यावर काम करून दाखवले की नर आणि मादी या दोघांच्या पेशींची केंद्रके एकत्र येतात आणि त्यातून नवा जीव सुरू होतो. म्हणजे स्त्री हे नुसते शेत नव्हे. बीज दोघांचे आहे, आणि शेतही तिचेच आहे. मनूचा जीवशास्त्राचा पाया तेथेच कोसळला.

फॉन बेअरच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या साली, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन तारखांचा एकमेकींशी काही ठरवून जोडलेला संबंध नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका घटनेने बीज-क्षेत्राचे खोटेपण सूक्ष्मदर्शकाखाली उघडे केले, दुसरीने ते जाहीरपणे जाळले. तरीही माझ्या बहिणीच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, ते वाक्य जिवंत निघाले. ग्रंथ जळाला. उपमा जळाली नाही.

आमच्या गावाचे नावही याच प्रश्नाशी बांधलेले आहे. मुक्ताईनगर हे पूर्वीचे एदलाबाद. आजचे नाव संत मुक्ताबाईंचे. ही मुक्ताबाई कोण? संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या बापाची लेक. ‘संन्याशाची पोरे’ म्हणून या चार भावंडांना वाळीत टाकले आणि शुद्धिपत्र आणायला पैठणला पिटाळले, असे परंपरा सांगते. जन्माला गुण देणाऱ्यांनी या मुलांना वापसीत काढले होते. आज कोथळीला आणि मेहूणला वारकऱ्यांची रीघ लागते, तेव्हा हे कोणाच्या ध्यानात असते की नाही, मला माहीत नाही.

३

एकोणिसाव्या शतकात ग्रंथाची जागा मोजपट्टीने घेतली. १८८३ साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टनने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. चांगल्या वंशाची वाढ करावी, हलक्या वंशाची रोखावी, असे ते शास्त्र. मराठीत त्याला सुप्रजननशास्त्र असे गोंडस नाव मिळाले. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले हा नाकाच्या रुंदी-लांबीचे प्रमाण काढून जातींची उतरंड लावू पाहत होता. म्हणजे वरच्या जातीचे नाक सरळ, खालच्या जातीचे नाक बसके, आणि जात म्हणजे वंश.

बाबासाहेबांनी या मोजपट्टीचे काय केले हे आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचले पाहिजे. त्यांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी गो. स. घुर्ये यांनी मांडलेली नाकाची मापेच हाती घेतली आणि दाखवले, की त्या मापांवरूनच ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत. विरोधकाच्याच तराजूत विरोधकाचा माल तोलून तो हलका निघाल्याचे सिद्ध केले. त्याआधी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी सुप्रजननाच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांनाही घेरले होते. जात जर उत्तम संततीसाठी असेल, तर तिने इतकी शतके निवड करून कोणती बलवान प्रजा निर्माण केली? आणि बीजशुद्धीचा प्रश्न असेल तर एका पंक्तीत जेवायला बंदी कशासाठी? या प्रश्नांना तेव्हाही उत्तर नव्हते, आजही नाही.

याच काळातले आणखी एक मराठी उदाहरण बर्लिनचे आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथील मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच. डी. साठी काम करत होत्या. त्यांना माणसांच्या कवट्यांची मापे घ्यायची होती. युरोपियांच्या कवट्यांची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी श्रेष्ठ, असे निघावे ही गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि वंशाचा व कवटीच्या असमानतेचा असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष लिहिला. त्या पुढे महाराष्ट्रात येऊन जातींची मोजमापे घेत राहिल्या, त्यावर वेगळे बोलता येईल. पण त्या एका निष्कर्षाचे मोल कमी होत नाही. जर्मनीत १९३३ च्या जुलैमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि फिशर यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्या राजवटीच्या कामी आले. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

या इतिहासातून मी एवढेच घेतो : मोजमापाला स्वतःची जात नसते. मात्र काय मोजायचे, कोणाला मोजायचे आणि आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे ठरवणाऱ्या माणसाला जात असते, वर्ग असतो, लिंग असते. तेव्हा प्रश्न यंत्र वापरावे की नाही असा नाही. आकडा कोणाच्या हाती पडतो आणि तो त्याचे काय करतो, हा प्रश्न आहे.

४

आता दुसरी बाजू. मूल हवे की नको, हे ठरवायचा हक्क कोणाचा?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ साली अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू न्यायालयात मांडायला उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, पण बाजू सुटली नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाकडून आला. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. नको असलेले गर्भारपण बाईवर लादले जाऊ नये, हा त्यातला गाभा. ठराव फेटाळला गेला. ज्या माणसाने स्वतःची चार लेकरे बालपणीच गमावली होती, त्याने हा ठराव आणला होता, हे लक्षात ठेवावे. मूल जन्माला घालण्याचा आणि ते जगवण्याचा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता.

पुढे राज्यसंस्थेने बाबासाहेबांचा ‘हक्क’ उचलला नाही, फक्त ‘नियमन’ उचलले. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत गरीब, दलित, मुसलमान किती भरडले गेले याच्या आठवणी वस्त्यावस्त्यांतून आजही ऐकू येतात. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात उतरले नाही. आणि २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम दंड लावतो, त्यापेक्षा पिशवीच काढून टाकलेली बरी, असा तो हिशेब.

या चित्रात गरीब बाईचे गर्भाशय म्हणजे एक अडचण आहे. तिला जास्त मुले होतील हीच एक भीती. तिला मूल होत नाही, हे दुःख कोणत्या सरकारी योजनेच्या रकान्यात बसते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहांपैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो, आणि श्रीमंत देशांत व गरीब देशांत या प्रमाणात फारसा फरक नाही. म्हणजे दुःख समान वाटलेले आहे, इलाज मात्र पैशाप्रमाणे वाटला जातो.

५

हा इलाज सुरुवातीला असा नव्हता, हे सांगणे इतिहासाच्या मास्तराचे काम आहे.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात, ओल्डहॅम येथे, काचेत फलन झालेले पहिले मूल जन्मले. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांचे ते काम. पर्डी या परिचारिका म्हणून आलेल्या बाईचे नाव बरीच वर्षे मागेच राहिले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरे मूल जन्मले. पण पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. परदेशी जाऊन काम मांडू दिले नाही, बदली केली ती डोळ्यांच्या विभागात. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. देशी माणसाने मोठे काम केले असे मान्य करायला आपल्या विद्वानांच्या समितीची जीभ रेटत नाही, हे त्या मृत्यूने दाखवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्यातून एक मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदी पक्क्या असलेले हे भारतातले पहिले मूल. याच आनंदकुमारांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणे तपासली आणि १९९७ साली जाहीर लिहिले की पहिला मान माझा नव्हे, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःचा पहिला नंबर स्वतःच्या हाताने खोडणारा असा माणूस दुर्मिळ.

पण मला येथे वेगळीच गोष्ट अधोरेखित करायची आहे. के. ई. एम. हे महानगरपालिकेचे रुग्णालय आहे. ते परळला, गिरणगावात आहे. संशोधन संस्था सरकारी. म्हणजे महाराष्ट्रात हे विज्ञान जन्मले ते कामगारांच्या वस्तीत आणि जनतेच्या पैशातून. आज हेच विज्ञान बहुतांशी खासगी केंद्रांत आहे आणि हमरस्त्यावरच्या फलकांवरून गोऱ्या गोमट्या बाळाच्या चित्रासह विकले जाते. २०२३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा मोफत सुरू झाली. म्हणजे सरकारला हे करता येते. गोव्याला जे जमते ते जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात का जमू नये, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

६

आता त्या आकड्याकडे येतो. ८.९ म्हणजे काय?

काचेत अनेक गर्भ तयार झाले तर त्यांतला कोणता आधी गर्भाशयात सोडायचा, हे ठरवावे लागते. हे काम आजवर प्रयोगशाळेतला गर्भतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहून करत आला आहे. १९९९ साली गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट यांनी पाचव्या दिवसाच्या गर्भासाठी एक पद्धत मांडली. गर्भ किती फुगला त्याला एक ते सहा आकडा, ज्यातून बाळ होते त्या आतल्या पेशीपुंजाला एक अक्षर, ज्यातून वार होते त्या बाहेरच्या थराला एक अक्षर. पण एकाच गर्भाला दोन तज्ज्ञ वेगवेगळी अक्षरे देतात, असे होऊ लागले. पुढे उबवण्याच्या पेटीतच कॅमेरा बसला आणि दर काही मिनिटांनी चित्र निघू लागले. हजारो गर्भांची अशी चित्रे आणि त्यांतला कोणता रुजला, कोणता नाही, याच्या नोंदी संगणकाला दाखवल्या. त्यातून त्याने जी सांगड बसवली तीच ही कृत्रिम बुद्धिमत्ता. नव्या गर्भाचे चित्र दिले की ती जुन्या चित्रांशी ताडून आकडा सांगते. स्त्रीबीजाच्या नुसत्या छायाचित्रावरून असाच अंदाज करणारी साधनेही आता निघाली आहेत.

म्हणजे यंत्र काय पाहते? चित्र पाहते. माझ्या लहानपणी व्यापाऱ्याचा माणूस केळीची साल पाहत असे, तसे. गर्भातल्या गुणसूत्रांचा घोळ नेहमी चित्रात दिसत नाही. गर्भाशयाचे अस्तर, बाईचे आजारपण, यांचा पत्ता त्या चित्रात नाही. आणि आणखी एक. यंत्र ज्यांच्या चित्रांवर शिकले ती जोडपी कोण? ज्यांना हा इलाज परवडला ती. ऊसतोड बाईचे, केळीच्या बागेतल्या मजूर बाईचे स्त्रीबीज त्या चित्रांत किती असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

ही निवड किती खरी ठरते, याची एक मोठी परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आले. ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील १४ केंद्रांत १,०६६ बायांवर हा प्रयोग झाला. निम्म्या जणींचा गर्भ यंत्राने निवडला, निम्म्या जणींचा माणसाने. यंत्राच्या निवडीतून ४६.५ टक्के बायांना गर्भ राहिला, माणसाच्या निवडीतून ४८.२ टक्क्यांना. यंत्र माणसाहून उणे नाही, एवढेही त्या प्रयोगात सिद्ध करता आले नाही. फरक पडला तो वेळेत. माणसाला जेथे सुमारे २०८ सेकंद लागले तेथे यंत्राला सुमारे २१ लागले. केंद्राचा वेळ वाचला. बाईचे काय वाचले?

या आकड्यांचा अर्थ माझ्या बहिणीच्या भाषेत सांगायचा तर असा : यंत्राने ज्याला सर्वांत उत्तम म्हणून निवडले, त्यांतही निम्म्याहून अधिक वेळा गर्भ राहिला नाही. हे गुण म्हणजे क्रम आहे, निकाल नाही. कोणाला आधी रांगेत उभे करायचे एवढेच तो सांगतो. खालच्या क्रमांकाच्या गर्भातूनही धडधाकट मुले जन्मतात. आणि वरच्या क्रमांकाचा गर्भ रुजला नाही, याचा अर्थ बाई ‘खराब जमीन’ आहे असा मुळीच निघत नाही.

पण सासूबाईंनी तोच अर्थ काढला. त्यांचाही दोष मी फार धरत नाही. केंद्रातल्या कोणी त्यांना हे समजावून सांगितले नव्हते. कागद हातात दिला आणि पुढच्या फेरीचे पैसे सांगितले. अर्थ न सांगता आकडा घरी पाठवला की घरात जो जुना अर्थ पडलेला असतो तोच त्याला चिकटतो. मनूच्या उपमेला संगणकाची साक्ष मिळाली. पूर्वी दोष देताना निदान पुरावा नव्हता. आता छापील पुरावा आहे, दशांश चिन्हासह.

७

त्या केंद्रात आणखी एक गोष्ट घडली. पुढच्या वेळी दुसऱ्या बाईचे स्त्रीबीज घेण्याचा पर्याय आहे, असे सांगताना टेबलामागच्या मुलीने सहज विचारले, “डोनर कोणत्या समाजाची चालेल?” बहिणीने मला हे सांगितले तेव्हा ती हसत होती. मला हसू आले नाही.

२०२१ चा सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे स्त्रीबीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे किमान तीन वर्षांचे मूल असलेली हवी. तिने आयुष्यात एकदाच द्यायचे, सातपेक्षा अधिक बीजे काढायची नाहीत, तिचा विमा उतरवायचा, आणि विक्री हा गुन्हा. कायदा चांगला आहे. पण पैशाची गरज नसलेल्या किती बाया सुया टोचून घ्यायला, भूल घ्यायला पुढे येतील? दात्या कोणत्या वस्त्यांतून येणार हे समजायला समाजशास्त्र शिकावे लागत नाही. आणि मग याच बाईच्या बीजाला यंत्र उत्तम गुण देईल, ते बीज तिच्यापेक्षा ‘वरच्या’ घरात रुजेल, वाढेल. काचेच्या बशीत बीजाला जात नसते. जात असते ती टेबलावरच्या रकान्याला. हजारो वर्षे सोवळे सांभाळलेल्या बीजशुद्धीची ही अवस्था पाहून मला क्षणभर समाधान वाटले, हे कबूल करतो. पण ज्या बाईने ते बीज दिले तिला उंबऱ्याबाहेरच राहावे लागणार असेल, तर हे समाधान फसवे आहे.

खानदेशच्या वाचकांना आणखी एक इशारा. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८८० होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. सोनोग्राफीचे यंत्र आले ते आजार शोधायला. येथे त्याचा उपयोग कशासाठी झाला, हा आकडा सांगतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात २००३ साली आणली गेली. तो इतिहास ताजा असताना गर्भाची निवड करणारे यंत्र आपल्या दाराशी येत आहे. अमेरिकेत तर गर्भाच्या उंचीचे आणि बुद्धीचे अंदाज विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. गाल्टनचे दुकान बंद झाले असे ज्यांना वाटत होते त्यांनी डोळे उघडावेत. पूर्वी ते दुकान सरकार चालवी, आता गिऱ्हाईकच रांग लावते.

८

मग आपण काय म्हणायचे? यंत्र नको? माझी तशी भूमिका नाही. विज्ञानाला पाठ दाखवणे आपल्या चळवळीला परवडणारे नाही. ज्या घरांत मूल नाही म्हणून बाई टाकली जाते, त्या घरांत हा इलाज म्हणजे मुक्तीचीही वाट असू शकते. मात्र तीच एक वाट नव्हे. जोतिराव आणि सावित्रीबाई यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करा असा आग्रह झाला तेव्हा, दोष माझ्यात असेल तर सावित्रीने दुसरा नवरा केलेला चालेल काय, असे जोतिरावांनी विचारल्याचे सांगतात. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे आलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला. बीज कोणाचे, क्षेत्र कोणाचे, हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. मराठी भूमीत बीज-क्षेत्राच्या सिद्धांताला मिळालेले ते सर्वांत सुंदर उत्तर आहे.

आपल्या मागण्या साध्या असाव्यात. गुणांचा कागद देणाऱ्याने त्याचा अर्थ बाईला तिच्या भाषेत, तिच्या घरच्यांसमोर सांगितला पाहिजे. नवऱ्याचीही तपासणी आधी झाली पाहिजे, त्याच्या बीजाचा अहवालही त्याच टेबलावर ठेवला पाहिजे. समाज विचारणारा रकाना बंद झाला पाहिजे. आणि जे विज्ञान परळच्या पालिका रुग्णालयात जन्मले ते जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात परत आले पाहिजे.

मी बहिणीला हे सगळे सांगितले. सासूबाईही बसल्या होत्या. १०६६ बायांचा प्रयोग सांगितला, निम्म्याहून अधिक वेळा उत्तम गर्भही रुजत नाही हे सांगितले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “मंग पोराची तपासणी केली का त्याहीनं?” केली होती. त्याचा अहवाल कागदांच्या तळाशी होता. तो त्या घरात आजवर कोणी मोठ्याने वाचला नव्हता. त्या दिवशी मी वाचला. त्यातही दोष होता.

बहीण चुकली नव्हती. यंत्रही त्याच्या परीने चुकले नव्हते. चुकला तो अर्थ लावणारा, आणि तो फार जुना आहे.

तिचे तीन गर्भ अजून गोठवून ठेवलेले आहेत. त्यांचे वर्षाचे भाडे भरावे लागते. पुढचा सोडायचा की नाही, केव्हा सोडायचा, हे ती ठरवणार आहे. परवा ती मला म्हणाली, “दादा, शेवटच्याला साडेतीनच गुण आहेत. पण आपण पण वापसीचीच केळी खाऊन मोठे झालो ना.”